आजीची बरगडी आणि संगणकातला माणूस

मित्रांनो, सुरुवात एका प्रश्नाने करते. एकाच गाडीत, एकाच सीटवर दोन माणसे बसली आहेत. दोघांनीही सारखेच बेल्ट लावले आहेत आणि धडकही एकच आहे. मग एकाला फक्त खांद्यावर काळानिळा डाग आणि दुसऱ्याच्या तीन बरगड्या मोडलेल्या, असं का व्हावं?

हा प्रश्न पुस्तकातला नाही. गेल्या दिवाळीत गावी जाताना आमची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. वेग फार नव्हता. मागच्या सीटवर मी होते आणि शेजारी माझी बहात्तर वर्षांची आजी. डाग माझा, बरगड्या तिच्या. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'बरगडी' हा शब्दसुद्धा मी तेव्हाच नीट शिकले!) घरी आल्यावर आजीने जाहीर केलं, "त्या पट्ट्यानेच माझी हाडं मोडली. आता मी तो लावायची नाही." तिला काय उत्तर द्यावं ते मला कळेना, म्हणून मी वाचायला लागले.

आधी डमीबद्दल. क्रॅश टेस्टमध्ये दिसणारा नेहमीचा पुतळा म्हणजे 'हायब्रिड थ्री'. तो १९७६ मध्ये जनरल मोटर्सने तयार केला. हा मध्यम बांध्याचा पुरुष आहे, वजन सुमारे ७८ किलो. त्याच्या छातीत स्प्रिंग स्टीलच्या सहा बरगड्या आहेत. छाती किती मिलिमीटर दबली एवढं तो सांगतो. अमेरिकेच्या नियमात ही मर्यादा ६३ मि.मी. आहे. पण स्टीलची बरगडी मोडत नाही आणि म्हातारीही होत नाही. त्यामुळे माझा प्रश्न त्याला विचारून उपयोग नव्हता.

आता आपल्या एस.ओ.एम.च्या तासाकडे वळू. बरगडी म्हणजे ढोबळमानाने एक वाकडी पोकळ नळी: बाहेर कठीण हाडाचं पातळ कवच, आत जाळीदार हाड. पातळ नळीचा मोमेंट ऑफ इनर्शिया साधारण πr³t असतो. म्हणजे त्रिज्या तीच ठेवून कवचाची जाडी पाव भागाने कमी केली, तर वाकण्याला होणारा विरोधही पाव भागाने कमी होतो. वयाबरोबर हे कवच पातळ होत जातं.

दुसरी गोष्ट मटेरियलची. मांडीच्या हाडावर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की तुटेपर्यंत हाड जेवढं ताणलं जातं ते प्रमाण दर दहा वर्षांनी सुमारे ९ टक्क्यांनी घटतं. तिशीपासून सत्तरीपर्यंत हिशेब केला तर जवळजवळ एक तृतीयांश ताण-क्षमता गेली! बरगडीचा आकडा अगदी हाच असेल असं नाही, पण दिशा तीच.

तिसरी गोष्ट भूमितीची. तरुणपणी बरगड्या मणक्यापासून पुढे खाली उतरत्या असतात. वय वाढतं तशा त्या जास्त आडव्या होतात. उतरती बरगडी दाबली तर थोडी फिरून जागा देते. आडवी बरगडी फिरत नाही, वाकते. आणि वाकली की मोडते.

या तिन्ही गोष्टी एकत्र तपासायच्या तर संगणकातला माणूस लागतो. टोयोटाने २००० साली 'थम्स' हे मॉडेल आणलं. २००६ मध्ये काही वाहन कंपन्यांनी मिळून 'ग्लोबल ह्यूमन बॉडी मॉडेल्स कन्सॉर्शियम' सुरू केलं. आपण फायनाइट एलिमेंट मेथडमध्ये ब्रॅकेटचं मेश करतो, तसंच इथे हाडं, स्नायू, फुप्फुसं यांचं करतात. एलिमेंटची संख्या लाखांत जाते.

वेळ किती लागतो? हाडात ध्वनिलहरीचा वेग सुमारे ३५०० मी. प्रति सेकंद धरा, एलिमेंट ३ मि.मी. एक्सप्लिसिट पद्धतीत टाइम स्टेप ही लहर एक एलिमेंट ओलांडते त्या वेळेपेक्षा मोठी चालत नाही, म्हणजे साधारण ०.८६ मायक्रोसेकंद. धडक १२० मिलिसेकंदांची असेल, तर सुमारे १ लाख ४० हजार पावलं मोजावी लागतात!

आणि म्हातारपण कसं आणायचं? अनेक वयाच्या लोकांच्या सी.टी. स्कॅनवरून वय, उंची, वजन यांचा हाडांच्या आकाराशी असलेला संबंध काढतात आणि मॉडेलचे नोड त्याप्रमाणे सरकवतात. याला मॉर्फिंग म्हणतात. मिशिगन विद्यापीठात यावर बरंच काम झालं आहे. मग कवच पातळ करायचं, तुटण्याची मर्यादा खाली आणायची आणि तीच धडक पुन्हा चालवायची.

पण मॉडेलचं उत्तर बरोबर कशावरून? त्याची पडताळणी देहदान केलेल्या माणसांवरच्या चाचण्यांशी होते. कुणीतरी मरणानंतर दिलेलं शरीर या सगळ्याच्या मुळाशी आहे, हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले होते.

याचा उपयोग काय? बेल्टच्या रीळमध्ये 'लोड लिमिटर' असतो. ओढ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की आतला दांडा पिळला जातो, बेल्ट थोडा सैल सुटतो आणि छातीवरचा दाब वाढत नाही. मर्यादा फार कमी ठेवली तर डोकं पुढे आदळेल, जास्त ठेवली तर वृद्धाची बरगडी जाईल. ही मधली जागा शोधायला वेगवेगळ्या वयांची मॉडेल्स लागतात. मागच्या सीटला तर बऱ्याच गाड्यांत लोड लिमिटर नसतोच.

आजीला मी शेवटी एवढंच सांगितलं, "आजी, पट्टा नसता तर तू पुढच्या सीटवर आदळली असतीस. तिथे बरगड्यांवर भागलं नसतं. चूक तुझी नाही, पट्ट्याचीही नाही. तो तुझ्या वयासाठी जुळवलेला नव्हता." मग कमरेचा पट्टा पोटावर न घेता खाली मांड्यांच्या वर हाडावर आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध कसा घ्यायचा, ते दाखवलं.

तिने विचारलं, "त्या कॉम्प्युटरात माझ्याएवढी बाई आहे का गं?"

बनवता येते, आजी. 'थम्स' जानेवारी २०२१ पासून मोफत मिळतं. मित्रांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर विचार करा. आजी सध्या पट्टा लावते आहे, कुरकुरत का होईना!