उकिरड्याचे लोणचे

आंबणे म्हणजेच कुजणे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः हे दोन व्यापार वेगळे आहेत. ज्वारीची आंबील आंबते, पण ती सडत नाही. आपण ती पितो. हवा कोंडली आणि आम्ल तयार करणारे जंतू वाढले, की सडवणाऱ्या जंतूंचे फारसे चालत नाही. जपानमध्ये ओल्या कचऱ्यावर हाच प्रयोग करतात. त्याला 'बोकाशी' म्हणतात.

आपल्याकडेही खताचे शास्त्र जुने आहे. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला बसवलेली पद्धत १९३१ साली ग्रंथरूपाने आली. (यातल्या वाडांचे नाव फारसे कोणी घेत नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) पण तिला शेण हवे, ढीग उलथायला माणसे हवीत आणि सुमारे तीन महिने धीर हवा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि मी प्रवेश घेतला त्याच वर्षी वडिलांनी बैलजोडी विकली. आता उकिरड्यावर राख आणि केर तेवढा पडतो.

कृती अशी. कोंड्यात गुळाचे पाणी व दह्याची निवळ कालवून तो डब्यात दाबून दोन आठवडे मुरवावा. मग घट्ट झाकणाच्या बादलीत देठे, साली, उरलेले अन्न यांचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर मूठभर कोंडा भुरभुरावा आणि दाबून हवा काढावी. भरलेली बादली दोन आठवडे उघडू नये. तळाशी साचलेले पाणी तेवढे काढावे. आंबट वास आला तर साधले. घाण सुटली तर हवा शिरली असे समजावे.

बादली उघडल्यावर आई म्हणाली, "हे तर जसंच्या तसं आहे गं!" खरेच होते. हे खत नव्हे, लोणचे आहे. मात्र कचरा आतून सैल झालेला असतो, आणि पुरल्यावर मातीतले जंतू त्यावर तुटून पडतात. विहिरीकडेला मी दोन खड्डे केले. एकात आंबवलेला कचरा, दुसऱ्यात ताजा. महिन्याने उकरले, तर पहिल्यात कोयी आणि अंड्यांची टरफले एवढीच ओळखू आली. दुसऱ्यात कोबीचे देठ शाबूत होते. पुरलेल्या जागी दोन आठवडे रोप मात्र लावू नये, आम्लाने मुळे करपतात.

वडिलांनी एकच विचारले, "एका बादलीत दोन एकर भागंल का?" नाही भागणार. एका घराच्या कचऱ्यावर वांग्यांचा एखादा वाफा निभतो. पण गावच्या मंगल कार्यालयामागे लग्नसराईत अन्नाचे ढीग पडतात. ते आणण्यासाठी यंदा चुलत्यांची बैलगाडी मागायचे ठरले आहे.