आधी जन्मदाखला, मग तिकीट

पोराला परदेशी न्यायचं ठरलं की आपण आधी तिकिटाचे भाव बघतो. त्याआधी कपाटातला जन्मदाखला काढा आणि चष्मा लावून वाचा.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सासर बारामतीचं, माहेर इंदापूरचं, म्हणजे बाळाची नोंद इंदापूरला. कारण १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते. दवाखान्याच्या कागदावर घाईत आईचं माहेरचं नाव लागतं, बाळाच्या नावाची जागा कोरी राहते आणि बारसं झाल्यावर तिकडं कुणी फिरकत नाही. पाच वर्षांनी दुबईच्या मामाकडं जायची टूम निघते तेव्हा ही कोरी जागा आठवते.

ती भरून घ्या. नगरपरिषदेच्या हद्दीतला जन्म असेल तर नगरपरिषद, गावातला असेल तर ग्रामपंचायत. नाव घालायला पहिल्या वर्षात शुल्क नाही. पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. चूक असेल तर मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारून दुरुस्त करतात. इंग्रजी स्पेलिंग एकेका अक्षरानं तपासा. 'ज्ञानेश्वरी' दाखल्यावर एक, आधारवर दुसरी आणि शाळेत तिसरी, हे मी पाहिलंय. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. दोन नावांची बाई एकच आहे हे तोच सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

पासपोर्ट तान्ह्या बाळालाही स्वतःचा हवा. अर्ज ऑनलाइन भरा, सोबत आईवडील दोघांच्या सह्यांचं 'ॲनेक्शर डी' द्या. ते साध्या कागदावर चालतं; त्यासाठी कुणी स्टॅम्प पेपर विकत असेल तर घेऊ नका. वडील परदेशात असतील तर त्यांची संमती तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यावी लागते. एकाची सही मिळणारच नसेल तर कारण लिहून 'ॲनेक्शर सी'. चार वर्षांखालचं मूल असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो न्या. मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो आणि बरेच देश प्रवासाच्या दिवशी सहा महिने मुदत शिल्लक मागतात, तेव्हा जुना असेल तर तारीख बघा.

इथंच बहुतेकांची गल्लत होते. 'ॲनेक्शर डी' ही पासपोर्ट काढायची संमती झाली. प्रवासाची संमती वेगळी. मूल एकट्या आईबरोबर, एकट्या वडिलांबरोबर किंवा आजीआजोबांबरोबर जाणार असेल तर घरी राहणाऱ्यांचं संमतीपत्र हवं. शेंगेन व्हिसाला ते लागतंच, कॅनडा आणि अमेरिका सोबत ठेवायला सांगतात. माझ्या ओळखीतले एक आजोबा नातवाला घेऊन निघाले. काउंटरवरच्या माणसानं पोराला विचारलं, आई कुठंय? पोरगं म्हणालं, भिगवणला. वडील? तेही भिगवणला. पुढचा अर्धा तास फोनाफोनीत गेला.

पत्र इंग्रजीत लिहा. मजकूर एवढाच: 'आम्ही दोघं या मुलाचे आईवडील. मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक असा. तो अमुक तारखेला आजोबांबरोबर (त्यांचंही नाव, पासपोर्ट क्रमांक) दुबईला जाऊन तमुक तारखेला परत येणार आहे. राहण्याचा पत्ता असा. आमची संमती आहे. गरज पडल्यास औषधोपचाराचा निर्णय आजोबांनी घ्यावा.' खाली दोघांचे मोबाइल आणि सह्या. कोर्टाच्या आवारातल्या नोटरीपुढं सही करा, दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स जोडा. औषधोपचाराचं वाक्य गाळू नका; परक्या मुलखात पोर तापलं तर तेच कामाला येतं.

फिरायला जाणाऱ्याला एवढं पुरे. तिकडं राहून शाळेत घालायचं असेल तर जन्मदाखल्यावर अपोस्टिल लागेल: आधी राज्य शासनाकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. संयुक्त अरब अमिरातीला अपोस्टिल चालत नाही, तिथं वकिलातीचं साक्षांकन घ्यावं लागतं.

आता अवघड भाग. नवराबायकोचं पटत नसेल, ताब्याचा दावा चालू असेल, तर संमतीपत्रावर विसंबू नका. कोर्टाची परवानगी घ्या. त्यासाठी अर्ज दावा चालू आहे त्याच कोर्टात. घटस्फोट झाला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत सोबत हवी, त्यात मुलाला परदेशी नेण्याबद्दल काय म्हटलंय ते वकिलाकडून वाचून घ्या. 'मूल माझ्याकडंच असतं' एवढ्यावर विमानात बसू नये. उलट दिशेलाही हेच. अमेरिकेतून लेक पोरासकट माहेरी आली आणि परत जायचं नाही म्हणाली, तर तिकडं तिच्यावर मूल पळवल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. एका देशातून दुसऱ्या देशात पळवलेल्या मुलांबद्दलच्या १९८०च्या हेग करारात भारत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात परदेशी कोर्टाच्या आदेशापेक्षा मुलाचं हित मोठं मानलं, पण म्हणून तिकडचा गुन्हा पुसला जात नाही. राग शांत होईपर्यंत तिकीट काढू नका, वकील गाठा.

सगळे कागद एका पिशवीत घाला आणि ती पिशवी हातात ठेवा. मोठ्या बॅगेत टाकलीत तर बॅग चेक-इनला जाते, आणि इमिग्रेशनची रांग त्याच्यानंतर लागते.