जमीन सोपवताना, कारभार सोपवताना



बेणे कोणते घ्यावे, खोडव्याला खत केव्हा द्यावे हे आम्ही या पानांवर नेहमी सांगतो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तो शेतकी खात्याच्या टेबलावर दर हंगामात येतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि ऊस तुटायला १६ ते १८ महिने लागतात. तेवढ्यात नोंद देणारा सभासद वारला, तर नोंद मयताच्या नावावर राहते आणि बिल कोणाच्या खात्यावर जमा करायचे यावरून घरात बोलाचाली सुरू होते. ऊस तुटतो, भांडण तुटत नाही. हे टाळायचे तर वडीलधाऱ्या सभासदांनी हातपाय चालते आहेत तोवरच पुढील गोष्टी करून ठेवाव्यात.

१) कारखान्याचा भाग

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद मयत झाल्यावर त्याचा भाग नॉमिनीच्या नावे होतो. नॉमिनी नसेल तर वारसांनी अर्ज करायचा, आणि वारसांत एकमत नसेल तर काम लांबते. नॉमिनी नेमला म्हणजे तो एकटा मालक झाला, असे मात्र नाही. संस्थेने व्यवहार कोणाशी करायचा एवढेच त्याने ठरते. इतर वारसांचा हक्क त्याने बुडत नाही.

बऱ्याच दाखल्यांवर अजून वडिलांचे, चुलत्याचे नाव असते. नॉमिनीच वारलेला असेल तर नवे नाव द्यावे. अर्ज दिल्याची पोच घ्यावी व रजिस्टरला नोंद झाली का ते स्वतः पाहावे. विकास सोसायटी, जिल्हा बँक व उपसा सिंचन संस्था यांच्याकडेही हेच करावे. जे सभासद नोकरीतून निवृत्त झाले आहेत किंवा होणार आहेत, त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाचे नॉमिनेशनही तपासावे. लग्नाआधी केलेले असेल तर ते नवे करून द्यावे.

२) सात-बारा आणि वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसाने जमीन मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे द्यावीत. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार निघतो, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. बहिणींची नावे गाळून वर्दी देऊ नये. आज गाळलेले नाव दहा वर्षांनी कोर्टाच्या समन्सवर दिसते.

३) वाटा कोणाचा किती

९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासून हक्क आला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र या दुरुस्तीने मोडत नाहीत.

हिशेब करून पाहू. वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडिलोपार्जित ४ एकर, म्हणजे १६० गुंठे. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कायदा धरतो. पाच जणांचे सारखे वाटे, प्रत्येकी ३२ गुंठे. वडिलांचे ३२ गुंठे उरलेल्या चौघांत सारखे, प्रत्येकी ८. म्हणजे आईसह प्रत्येकाला ४० गुंठे.

बहिणीने हक्क सोडायचा तर तिच्या मर्जीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. तेराव्याच्या पंगतीतून उठवून तिच्यापुढे कागद ठेवू नये. माहेर तुटते ते तिथेच.

४) मृत्युपत्र

वरच्या उदाहरणात वडिलांना वडिलोपार्जितपैकी स्वतःच्या ३२ गुंठ्यांपुरतेच मृत्युपत्र करता येते. उरलेले १२८ गुंठे त्यांच्या लिहिण्याने हलत नाहीत. स्वकष्टार्जित जमीन मात्र कोणालाही देता येते. मुस्लिम सभासदांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू आहे. त्यात मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच देता येते.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण करावी, म्हणजे पुढे सहीवर शंका येत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला मिळणार आहे तोच साक्षीदार नसावा. गट नंबर, क्षेत्र, विहिरीतला हिस्सा, कारखान्याचा भाग, सोसायटीचे कर्ज सगळे लिहावे. कर्जाचा बोजा जमिनीबरोबर चालतो, तो कोणी फेडायचा हेही लिहावे. मसुदा वकिलाला दाखवावा.

५) बक्षीसपत्राची घाई नको

"पोरं चांगली आहेत" म्हणून सगळी जमीन हयातीत लिहून देणारे सभासद आहेत. पोरं चांगली असतीलही, पण औषधाच्या पैशासाठी सुनेकडे हात पसरायची वेळ का आणावी? दोघे नवरा-बायको आहेत तोवर काही जमीन आणि बँकेतले खाते आपल्या नावे ठेवावे. बक्षीसपत्र करायचेच तर सांभाळ करण्याची अट त्यातच लिहावी. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येते. अट तोंडी असेल तर सिद्ध करणे कठीण जाते.

६) सात-बारावर नसलेली माहिती

पाइपलाइन कोणाच्या बांधाखालून गेली, व्हॉल्व्ह कुठे पुरला आहे, सामाईक विहिरीची पाळी कोणाची कोणत्या वारी, चोपण कोणत्या कोपऱ्यात आहे, बुजलेला चर कुठून जात होता, हे बहुधा म्हाताऱ्यांच्याच डोक्यात असते. मुलाला आणि मुलीलाही शेतात फिरवून ते दाखवावे. वहीच्या पानावर कच्चा नकाशा काढून तारीख घालावी. विहिरीचा व वाटेचा हक्क सात-बाराच्या इतर हक्कात नसेल तर शेजाऱ्याशी संबंध गोड आहेत तोवर लेखी करून घ्यावा.

७) कारभार सोपवल्यावर

मुलाच्या हाती कारभार दिला की मग त्याच्या प्रत्येक फवारणीत बोलू नये. विचारले तर सांगावे. पण म्हणून पारावर बसून राहायचे असेही नाही. पाणी वापर संस्थेला पाळ्यांचा हिशेब ठेवणारा विश्वासू माणूस लागतो. ग्रामसभेत जुना ठराव आठवून सांगणारा लागतो. शाळेच्या पोरांना बेणे ओळखायला शिकवणारा लागतो. गावोगावी १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्तीच्या समित्या झाल्या. बांधाचा तंटा मिटवायला, बांध मुळात कुठे होता हे पाहिलेलाच माणूस उपयोगी पडतो. मात्र ज्याने स्वतःच्या घरची वाटणी नीट केली, त्याचाच शब्द गाव ऐकते.

पुढच्या हंगामाची ऊसनोंद द्यायला गट ऑफिसात याल तेव्हा भाग दाखला बरोबर आणा. नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे ते शेअर्स खात्यात वाचून घ्या. आणि आपण काय ठरवले आहे ते घरात सर्वांना, लेकींनाही, एकदा बसून सांगा.

— ऊस विकास अधिकारी