अवजड वाहनांच्या सोबतीने प्रवास : दर्शनास येणाऱ्या भाविकांसाठी

देवस्थानाच्या कार्यालयातील नोंदवहीत अभिषेक, अन्नदान, निवास असे रकाने आहेत. भाविक कोणत्या वाहनाने आले, हा रकाना तीत नाही. तो असावा असे वाटण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात आला. शेजारच्या जिल्ह्यातील एका नवविवाहित दांपत्याने भक्तनिवासात एक खोली राखून ठेवली होती. सायंकाळी येतो, असा त्यांचा निरोप होता. रात्री दहापर्यंत वाट पाहून आम्ही खोलीचे कुलूप तसेच ठेवले. चार दिवसांनी मुलाचे मामा आले. खोलीची रक्कम परत नको, अन्नदानात जमा करा, असे म्हणून त्यांनी पावती मुलाच्या नावाने करावयास सांगितली. विचारल्यावर एवढेच म्हणाले, “उसाची ट्रॉली उभी होती. अंधारात दिसली नाही.” ती पावती मी माझ्या हाताने लिहिली आहे.

तेव्हापासून या पुस्तिकेत पूजाविधी व दरपत्रकाच्या जोडीने रस्त्याविषयी चार शब्द असावेत, असे मनात होते. विश्वस्त मंडळाने यंदा त्यास अनुमती दिली. मी काही वाहतूकशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु वाहनतळाकडे तोंड असलेल्या खिडकीशी बसून तीस वर्षे काम केले आहे. पूर्वी एस.टी.ने आणि टेम्पोने येणारा भाविक आता बहुतांशी दुचाकीने अथवा स्वतःच्या मोटारीने येतो. महामार्ग रुंद झाले. त्यांवरून जाणारे ट्रक, टँकर व कंटेनरही वाढले. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडल्याची केंद्र सरकारची नोंद आहे. त्यांत शंभरापैकी सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरील होती.

दोन वर्षांपूर्वी अन्नछत्राचा तांदूळ घेऊन एक दहा चाकी ट्रक आला होता. पोती उतरत असताना मी चालकाशी बोलत उभा होतो. दुचाकीस्वारांविषयी मी काही तक्रारीच्या सुरात बोललो, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, एकदा वर येऊन बसा, मग बोला.” गुडघ्यांचा त्रास असूनही मी त्याच्या आसनावर चढून बसलो. त्याने सेवेकरी मुलांपैकी तिघांना त्यांच्या दुचाकी आणावयास सांगितले. एक डाव्या दाराशी, एक नाकासमोर अगदी जवळ आणि एक मागच्या फाळक्याशी उभी केली. मी आरशांत पाहिले, समोर पाहिले, मान वळवून पाहिले. तिघांपैकी एकही मुलगा मला दिसला नाही. समोरच्या मुलाचा फक्त वर केलेला हात काचेच्या खालच्या कडेला हलताना दिसत होता. चालक खालून म्हणाला, “ही पोरं तिथंच आहेत. रस्त्यावर रोज तिथंच असतात.”

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून ट्रकची डावी बाजू त्याच्यापासून सर्वांत दूर व सर्वांत आंधळी असते. पूर्वी त्या बाजूस क्लीनर बसे. तो खिडकीतून डोके काढून मागचे वाहन पाही, हात दाखवी, दारावर थाप मारून चालकाला सावध करी. आज पुष्कळ ट्रक क्लीनरविना धावतात. भाडे परवडत नाही, असे चालक सांगतात. म्हणजे डाव्या बाजूचा तो डोळा गेला, आणि नेमकी तीच बाजू मोकळी दिसते म्हणून आपले तरुण भाविक तिकडून पुढे घुसतात. भाविकांनी एक खूण ध्यानी ठेवावी. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपणांस दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. मागून चालताना थोडे अधिक अंतर ठेवले की तो चेहरा आरशात दिसू लागतो.

याहून फसवी गोष्ट वळणाची आहे. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने जातात. म्हणूनच डावीकडे वळण्यापूर्वी जाणता चालक ट्रक आधी किंचित उजवीकडे घेतो. त्या क्षणी डाव्या अंगाला दुचाकी सहज जाईल एवढी वाट उघडते. मागच्या स्वाराला वाटते, ट्रक आपल्याला जागा देत आहे. तो आत जातो, ट्रक वळतो, आणि ती वाट मागच्या चाकापाशी मिटते. घाटातील अवघड वळणावर एका बाजूस कडा वा कठडा असल्याने सुटकेस जागा राहत नाही. यात चालकाचा दोष असेलच असे नाही; त्याला आत कोणी आल्याचे कळतही नाही. ट्रक वळत असेल तर त्याच्या आतल्या अंगाला जाऊ नये, मागेच थांबावे. त्यात फार तर अर्ध्या मिनिटाचा खोळंबा होतो.

मोटारीतून येणाऱ्यांची चूक निराळी असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. भरलेला दहा चाकी ट्रक एकूण २८.५ टनांपर्यंत वजनाचा असू शकतो. शिवाय त्याच्या ब्रेकची हवा चाकांपर्यंत पोहोचावयासही क्षणभर लागतो. म्हणून चालक जाणीवपूर्वक पुढे जागा सोडून चालतो. मोटारवाल्यांना ती जागा रिकामी दिसते, ते ओव्हरटेक करून तीत शिरतात आणि पुढे टोलनाका वा गतिरोधक दिसताच ब्रेक लावतात. ट्रकने थांबण्यासाठी राखलेली जागा आपण घेतलेली असते. ओव्हरटेक केल्यावर ट्रकचे दोन्ही दिवे आपल्या आतल्या आरशात पूर्ण दिसल्यावाचून त्याच्या समोर येऊ नये.

मागे किती अंतर असावे, हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. पुढचे वाहन एखाद्या झाडाजवळून वा किलोमीटरच्या दगडाजवळून गेले की श्रींचे नाम सावकाश तीन वेळा घ्यावे. नाम पूर्ण होण्याआधीच आपण त्या झाडापाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात सहा वेळा घ्यावे.

ओव्हरटेकच्या खुणेविषयीही सांगावयास हवे. पुढचा ट्रक इंडिकेटर देतो तेव्हा ‘जा पुढे’ असे तो सांगत आहे, की स्वतः वळणार आहे, हे निश्चित नसते. चालकांच्या सवयी सर्वत्र सारख्या नाहीत. रस्ता आपल्या डोळ्यांनी मोकळा दिसल्याखेरीज दुसऱ्याच्या दिव्यावर विसंबून उजवीकडे निघू नये. ट्रकच्या शेजारून जाताना दुचाकीला वाऱ्याचा झोत कधी बाहेर लोटतो, तर कधी आत ओढतो. दोघे बसलेल्या हलक्या गाडीला तो हादरा चांगलाच जाणवतो. म्हणून ट्रकशी समांतर रेंगाळू नये.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. सतत ब्रेक दाबून उतरल्यास तो तापतो व त्याची पकड जाते. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे सारा भार ब्रेकवर टाकणे होय. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळील उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात आळंदीकडे निघालेल्या दिंडीत ब्रेक निकामी झालेले जेसीबी यंत्र घुसले व वारकरी मृत्युमुखी पडले. उतारावर आपल्या मागे अवजड वाहन असेल, तर त्याला पुढे जाऊ द्यावे. चढावर ट्रकच्या मागे अगदी खेटून थांबू नये, तो गिअर बदलताना मागे सरकू शकतो. अरुंद घाटात समोरासमोर आल्यास चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे.

रात्रीच्या प्रवासाबद्दल मात्र मी विनंतीच्या पलीकडे जाऊन आग्रह धरतो. आपल्या भागात ऊस गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. यात्रांचे दिवसही तेच. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. लोंबणारे वाढे मागचा दिवा असला तरी झाकून टाकतात. टायर फुटला की ट्रॉली जागीच उभी राहते आणि इशारा म्हणून मागे दोन दगड व एखादी फांदी ठेवलेली असते. ट्रकच्या मागच्या फाळक्याची उंची मोटारीच्या बॉनेटहून अधिक असल्याने मोटार त्याखाली घुसते आणि आघात थेट काचेवर येतो. आमच्या देवस्थानाने एवढे केले आहे, की धान्य व बांधकामाचे साहित्य आणणाऱ्या वाहनास मागे रिफ्लेक्टर व चालू दिवा नसेल, तर त्याचे भाडे अदा होत नाही. सुरुवातीला वाहतूकदार रागावले. आता ते स्वतःच लावून आणतात. देणगीदारांपैकी ज्यांचे ट्रक वा ट्रॅक्टर आहेत, त्यांनी हा नियम आपल्या घरीही लावावा. दुचाकीवरून रात्री येणाऱ्यांनी शक्यतो सूर्यास्तापूर्वी पोहोचावे. उशीर झाल्यास वाटेतील गावी मुक्काम करावा. भक्तनिवासातील राखीव खोली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच ठेवली जाते, हे मुद्दाम कळवितो.

आता थोडे आमच्या आवारात घडणाऱ्या गोष्टींविषयी. नवे वाहन पूजेसाठी आणले की झेंडूचे हार काचेवर, आरशांवर, दिव्यांवर चढविले जातात. शोभा दिसते, यात शंका नाही. परंतु त्याच स्थितीत वाहन महामार्गाला लागते आणि चालकाला अर्धा रस्ता फुलांच्या आडून पाहावा लागतो. पूजेनंतर हार काढून प्रसाद म्हणून पिशवीत ठेवावा. असे केल्याने पूजेत काही न्यून येत नाही, हे आमच्या गुरुजींनीही स्पष्ट केले आहे. दुचाकीच्या हँडलला नारळाची पिशवी अडकवू नये. पदर, ओढणी, उपरण्याचे टोक मागच्या चाकापासून दूर आवरून बसावे. मोठा ध्वज दुचाकीस बांधल्यास वाऱ्याने गाडी ओढली जाते. नवरात्रात ज्योत नेणाऱ्या मंडळांनी धावणाऱ्या मुलांच्या मागे दिवे लावलेले वाहन ठेवावे व मुलांच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यात. हेल्मेट पुढच्यास आणि मागच्यास, दोघांसही बंधनकारक आहे. चार वर्षांवरील मुलासही. त्याहून लहान मूल दुचाकीवर असल्यास त्यास चालकाशी बांधणारा पट्टा व हेल्मेट असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा, असा नियम २०२३ पासून लागू आहे. पेट्रोलच्या टाकीवर मूल बसवून येणारे पालक मी आजही खिडकीतून पाहतो. त्यांना मी तेथेच थांबवितो, हे काहींना आवडत नाही.

वाटेत अपघात दिसल्यास थांबावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अन्य तातडीसाठी ११२ व राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. जखमींना मदत करणाऱ्यावर पोलिसी वा न्यायालयीन बालंट येईल, या भीतीने पुष्कळ लोक पुढे निघून जातात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याचीही त्यास सक्ती नाही. अपघातानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो.

शेवटी वाहनचालकांच्या सोयीविषयी. कुटुंब दर्शनास जाते, महाप्रसाद घेते आणि चालक गाडीतच अवघडून बसतो. मग रात्रभराचे जागरण घेऊन तोच सर्वांना परत नेतो. भक्तनिवासाच्या तळमजल्यावर चालकांसाठी बारा खाटांची खोली आहे. तेथे स्नानाची सोय आहे, शुल्क नाही. ट्रकचालकांनाही ती खुली आहे. खोलीची किल्ली कार्यालयात मिळते. चालकाचे नाव व वाहन क्रमांक नोंदवावा. त्यासाठी यंदापासून वहीत वेगळा रकाना केला आहे.