तारवाच्या दारावर कोणाचे नाव?



आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अकीक, ऑनिक्स असे पट्टेदार दगड सापडतात. शेजारच्या भोकरदनला झालेल्या उत्खननात अकीकाचे प्राचीन मणी मिळाले आहेत. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तर पैठणहून गाड्या भरून ऑनिक्स भडोच बंदराला जात असे, अशी नोंद आहे. तेथून तो रोमन जगात पोहोचे. तिकडचे कारागीर अशा दगडांवर उठावाची चित्रे कोरीत. या कोरीव रत्नाला कॅमिओ म्हणतात. पांढरा थर चित्रापुरता ठेवायचा, बाकीचा कोरून काढायचा. मग खालच्या गडद थरावर चित्र उठून दिसते.

असाच एक कॅमिओ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो 13व्या शतकातील मानला जातो. तळहातावर मावेल एवढ्या या रत्नावर नोहा, त्याचे कुटुंब आणि पशुपक्षी तारवातून बाहेर पडताना दिसतात (उत्पत्ती 8). पुढे हे रत्न फ्लॉरेन्सचा धनाढ्य सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची (1449–1492) याच्याकडे आले. त्याचे नाव तारवाच्या दारांवर कोरलेले आहे! तारू बांधले नोहाने, तारले देवाने आणि दारावर नाव लोरेन्झोचे.

आता निर्गम 28 उघडू या. अहरोनाच्या एफोदासाठी देवाने दोन गोमेद रत्ने सांगितली. त्यांवर अहरोनाचे नाव नव्हते. इस्राएलच्या बारा पुत्रांची नावे होती. एका रत्नावर सहा, दुसऱ्यावर सहा. ती खांद्यांवर घेऊन याजक देवापुढे उभा राहत असे. रत्न हे त्याचे भूषण नव्हते. ती लोकांची जबाबदारी होती.

बंधुभगिनींनो, हा बोध प्रथम आम्हा धर्मगुरूंसाठी आहे. कोनशिलेवर आपले नाव यावे, असे आम्हालाही वाटते. आणि बाकावर, पंख्यावर नाव घालायचे राहिले म्हणून घराघरांत अबोला धरला जातो, हेही आम्ही पाहतो. दात्याचे आभार मानणे योग्यच. पण पाटी नाही म्हणून दानच थांबत असेल, तर आपणही तारवाच्या दारावर आपले नाव कोरत आहोत.

या आठवड्यासाठी: कुटुंबप्रार्थनेत निर्गम 28:9-12 वाचावे. मग प्रत्येकाने एकेक नाव निवडावे: कोणी आजारी, कोणी रुसलेला, कोणी मिस्साला येणे सोडलेला. येत्या रविवारी ते नाव मनात घेऊन वेदीपुढे यावे. आम्हीही आणू.