दुमडत्या सांगाड्याचे महाकाय ट्रॅक्टर : रचना, निर्माते व बोध

ट्रॅक्टर जितक्या अधिक अश्वशक्तीचा, तितका तो अधिक उपयुक्त, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी जगातील सर्वांत मोठ्या ट्रॅक्टरांची माहिती करून घेणे उद्बोधक ठरेल.

उगम

अमेरिकेचा उत्तर भाग व कॅनडा येथील गव्हाच्या प्रदेशात शेते विस्तीर्ण, मजूर थोडे व पेरणीचा हंगाम फारच आखूड असतो. बर्फ वितळल्यावर काही आठवड्यांत पेरणी न उरकल्यास पीक थंडीत सापडते. या निकडीतून मिनेसोटा राज्यातील स्टायगर बंधूंनी १९५७-५८ च्या हिवाळ्यात आपल्या शेतावरील गोठ्यात २३८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतःच जोडून तयार केला. शेजाऱ्यांकडून मागणी आली आणि त्यातून कारखाना उभा राहिला. पुढे तो नॉर्थ डकोटातील फार्गो येथे गेला.

कॅनडातील विनिपेग येथे व्हर्सटाइल कंपनीने १९६६ साली असे ट्रॅक्टर १०,००० डॉलरच्या आतील किंमतीत विकावयास काढले. त्यामुळे ही यंत्रे पुष्कळ शेतकऱ्यांच्या आटोक्यात आली. जॉन डिअरनेही १९५९ च्या सुमारास ८०१० हा नमुना पुढे आणला होता. रशियात लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्यात १९६२ पासून ‘किरोवेत्स’ ट्रॅक्टर बनू लागले.

रचना

या ट्रॅक्टराचा सांगाडा दोन भागांचा असून ते मध्यभागी उभ्या खिळीने जोडलेले असतात. वळताना पुढची चाके फिरत नाहीत; तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे सांगाड्यालाच सांध्यात दुमडतात. चारही चाके सारख्या आकाराची असतात, चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते आणि मागची चाके बहुतांशी पुढच्या चाकांच्याच मागावरून जातात. उभ्या ट्रॅक्टराचे वजन पुढच्या आसावर थोडे अधिक ठेवलेले असते. औत ओढताना भार मागे सरकतो व दोन्ही आसांवर जवळजवळ सारखा पडतो.

ओढीचा हिशेब सोपा आहे. ओढ (किलोग्रॅम) गुणिले वेग (ताशी किलोमीटर) भागिले २७० म्हणजे औताला मिळणारी अश्वशक्ती होय. समजा, औतास ४,५०० किलोग्रॅम ओढ लागते व वेग ताशी ९ किलोमीटर आहे. तर १५० अश्वशक्ती हवी. इंजिनाची शक्ती अर्थातच याहून अधिक लागेल. कारण काही शक्ती दातेरी चक्रांत व काही चाकांच्या घसरणीत खर्च होते.

मर्यादा

१९७७ साली माँटाना राज्यातील हॅवर येथे ‘बिग बड ७४७’ हा प्रारंभी ७६० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर कॅलिफोर्नियातील कापूस उत्पादकांसाठी, जमीन खोल फोडण्याकरिता बनविण्यात आला. त्याच वर्षी व्हर्सटाइलने आठ चाकांचा, ६०० अश्वशक्तीचा ‘बिग रॉय’ तयार केला. दोन्ही एकेकच बनले. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत शेतमालाचे भाव घसरले, व्याज वाढले व कर्ज काढून यंत्रे व जमिनी घेणारे अनेक शेतकरी बुडाले. गिऱ्हाईक आटल्याने स्टायगर कंपनीही अडचणीत आली व १९८६ साली केस कंपनीच्या मालकांकडे गेली. व्हर्सटाइलचीही मालकी अनेकदा बदलली.

दुसरी मर्यादा जमिनीची. ओल्या जमिनीवर एका आसाचा भार सुमारे १० टनांपलीकडे गेल्यास खालचा थर ४० सेंटिमीटरहूनही खोल दाबला जातो व तो नांगराने मोकळा होत नाही. म्हणून जोडचाके आली आणि १९९६ साली चार त्रिकोणी पट्ट्यांचा ‘क्वाडट्रॅक’ आला. पट्ट्यांनी वरचा दाब विभागला जातो, परंतु एकूण वजन कमी होत नाही.

आपल्यासाठी बोध

हे ट्रॅक्टर आपल्या लहान खाचरांसाठी नाहीत. परंतु त्यांचा हिशेब ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरासही लागू पडतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रयोग शेतावर करून दाखवावा.

१. मागच्या चाकावर खडूने खूण करावी.
२. औत उचलून चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे.
३. औत जमिनीत घालून त्याच शेतात पुन्हा १० फेऱ्या मोजाव्यात.

पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर आल्यास घसरण १५ टक्के झाली. मागच्या दोनच चाकांना शक्ती असलेल्या ट्रॅक्टराची घसरण मऊ जमिनीत १० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावी. अधिक असल्यास डिझेल व टायर वाया जातात. तेव्हा औताची खोली वा रुंदी कमी करावी, किंवा माहितीपुस्तिकेप्रमाणे वजन वाढवावे. फारच कमी असल्यास ट्रॅक्टरावर अनावश्यक वजन आहे व ते जमीन दाबीत आहे, असे समजावे.

नवा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी आपले क्षेत्र, मशागतीस मिळणारे दिवस व वर्षाकाठी होणारे कामाचे तास कागदावर मांडावेत. तास थोडे भरत असल्यास ट्रॅक्टर भाड्याने आणणे किंवा चौघांनी मिळून घेणे श्रेयस्कर. विस्तीर्ण शेते असलेल्या देशातही हा हिशेब चुकलेल्यांना कर्जाने गाठले, हे विसरू नये.