रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे नक्की काय?

हॉस्टेलवर कुणाला चार दिवस ताप आला की रक्ताचा रिपोर्ट येतो आणि विंगमधले सगळे डॉक्टर होतात. "पॉझिटिव्ह आलाय ना, मग संपला विषय!" खरं तर विषय तिथून सुरू होतो, आणि तो मेडिकलचा कमी, आपण कसाबसा पास केलेल्या प्रॉबॅबिलिटीचा जास्त आहे.

शंभर आजारी माणसांपैकी टेस्ट किती जणांना पकडते, ती तिची सेन्सिटिव्हिटी. शंभर निरोगी माणसांपैकी किती जणांना निगेटिव्ह म्हणून सोडते, ती स्पेसिफिसिटी. जेकब येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाने १९४७ साली एक्स-रेच्या संदर्भात हे शब्द मांडले. नुसत्या 'अचूकते'वर मात्र जाऊ नका. १०,००० जणांत १०० आजारी असतील आणि एखादं मशीन डोळे मिटून सगळ्यांना निगेटिव्ह म्हणत असेल, तरी ते ९९ टक्के अचूक ठरतं!

आता याच १०,००० जणांवर ९० टक्के सेन्सिटिव्हिटी आणि ९५ टक्के स्पेसिफिसिटीची टेस्ट करू. (आकडे गणितापुरते घेतलेत.) १०० आजाऱ्यांपैकी ९० सापडले. ९,९०० निरोग्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ जण उगीचच अडकले. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यातले खरे आजारी ९०. म्हणजे जेमतेम १५ टक्के! हीच टेस्ट अशा वॉर्डात करा जिथे १,००० पैकी ५०० आजारी आहेत. मग ४७५ पॉझिटिव्हपैकी ४५० खरे, जवळजवळ ९५ टक्के. टेस्ट तीच, फक्त माणसं बदलली. बेझचं प्रमेय हेच सांगतं, पण परीक्षेत आपण ते लाल-निळ्या चेंडूंवर सोडवून विसरून जातो.

हा कागदावरचा खेळ नाही. क्षयरोगासाठी रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्ट आपल्याकडे खाजगी लॅबमध्ये सर्रास चालत. निरोगी माणूस पॉझिटिव्ह आला तर निदान सहा महिने औषधं, लिव्हरला त्रास आणि खर्च. रोगी निगेटिव्ह आला तर तो खोकत घरभर आजार पसरवणार. उपलब्ध अभ्यास तपासून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या टेस्ट वापरू नका असं स्पष्ट सांगितलं, आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. डॉक्टर थुंकीची तपासणी सांगतात तेव्हा नाक मुरडू नये, ते यासाठी.

मग सेन्सिटिव्हिटी वाढवायची सोय नाही का? आहे, सीमारेषा खाली आणा. मधुमेहासाठी उपाशीपोटी साखरेची रेषा अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९७ मध्ये १४० वरून १२६ वर आणली. जास्त रुग्ण सापडतात, पण चुकून अडकणारेही वाढतात. रेषा सरकवत दोन्हींचा आलेख काढला की मिळतो आरओसी कर्व्ह. यातला 'आर' रिसीव्हरचा, कारण मूळ काम दुसऱ्या महायुद्धातल्या रडारचं: पडद्यावरचा ठिपका विमान की नुसता नॉइज? कर्व्हखालचं क्षेत्रफळ ०.५ आलं तर टेस्ट आणि नाणेफेक सारखीच, १ च्या जितकं जवळ तितकी टेस्ट चांगली. ईअँडटीसीवाल्यांनी मॅटलॅबवर एकदा काढून बघायला हरकत नाही.